पूजेतला स्टार्टर

जरा पुढं सरकून बसा. मागच्यांनी भिंत सोडा, तुम्ही टेकला नाहीत म्हणून ती पडत नाही. लेकरू रडत असेल तर रडू द्या, दमलं की तेही ऐकेल. आज सांगणार आहे ती कथा पुराणातली नाही. तिच्यातला हत्ती लोखंडाचा आहे आणि तो अकरा महिने कळंब्यातल्या एका अंगणात मुका उभा होता. तो बोलला कसा, कुणाच्या हातानं बोलला आणि त्या दिवशी बोलला नसता तर काय झालं असतं, एवढंच सांगतो. वेळ फार घेणार नाही, पण मधून उठू नका.

तर कळंब्यात तळ्याच्या अलीकडं एक छोटी कॉलनी आहे. तिथं कृष्णात मगदूम राहतो. सतरा वर्षं फौजेत ड्रायव्हर, हवालदार होऊन बाहेर पडला, मग वीस वर्षं दुधाच्या टँकरवर. वय चौसष्ट, पाठ अजून सरळ, मिशी पांढरी आणि बोलणं असं की शेजारच्या गल्लीतल्या म्हशी मान वर करतात. घरात तो आणि बायको बायडाबाई. लेकी लग्न होऊन आपापल्या घरी.

एकोणीस सालचा महापूर तुम्हाला आठवत असेल. तेव्हा कृष्णातची थोरली बहीण आंबेवाडीत घराच्या पत्र्यावर दोन दिवस बसून होती आणि हा इकडं पाण्याच्या काठावर. कुणाचा तरी ट्रॅक्टर मागून आणला, तो कमरेएवढ्या पाण्यात धापा टाकून बंद पडला. दुसरा आणला, तो चिखलातून पुढंच जाईना. पुढं फौजेच्या उंच गाड्या आल्या, छातीभर पाण्यातून सरळ गेल्या आणि बहिणीला घेऊन आल्या. सुखरूप आली. पण जी गाडी आपण सतरा वर्षं हाकली तसलीच गाडी समोरून पाण्यात गेली आणि आपण काठावर छत्री धरून उभे राहिलो, हे त्याच्या मनाला फार लागलं. अंबाबाईच्या देवळात जाऊन तो बोलून आला की आई, एक ना एक दिवस माझ्या दारात असली गाडी उभी राहील. पाणी पुन्हा येईल तेव्हा मी काठावर नसेन.

बोलणं सोपं असतं. त्यानं मात्र ते मनात धरून ठेवलं, टँकरची नोकरी संपेपर्यंत धरलं, आणि नोकरी संपल्यावर फौजेनं काढून टाकलेल्या गाड्यांच्या लिलावात जाऊन एक जुना शक्तिमान ट्रक उचलला. उचलला म्हणजे अक्षरशः उचलला, कारण तो चालत नव्हता. ट्रेलरवर निजून आला. फाटकातून आत जाईना म्हणून कृष्णातनं स्वतःच्या हातानं कंपाउंडची भिंत पाडली. बायडाबाईनं आधी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हिरव्या रंगाचे पोपडे गेलेला तो डोंगर खालपासून वरपर्यंत न्याहाळला आणि एवढंच विचारलं की आता धुणं कुठं वाळत घालायचं. दुसऱ्या दिवसापासून ट्रकच्या ताडपत्रीच्या कमानींवर साड्या वाळू लागल्या.

गाडी खोलायची तर एकटा माणूस काय करणार? कृष्णातनं बिद्रीला गुंडू कुरणेला फोन लावला. गुंडू फौजेत गाड्यांचा मेकॅनिक. दोघं एकाच तुकडीत नऊ वर्षं होते. गाडी मगदुमानं बंद पाडायची आणि मी चालू करायची, असं गुंडू सांगायचा. कृष्णात नेमकं उलटं सांगायचा. गुंडूचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दुसरं काही नाही. तो कुठल्या देवाला हात जोडत नाही आणि बायडाबाईच्या हातची पुरणपोळी सोडत नाही. फोन आला त्याच दिवशी स्कूटरवर पान्यांची पिशवी टाकून तो आला, ट्रकभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला की मगदूम, हिच्यात जीव हाय, पण तुझ्यासारखाच घशात अडकलाय.

मग सुरू झालं काम. सकाळी गुंडू यायचा, दोघं दिवसभर भांडायचे, आणि भांडता भांडता एकेक भाग उतरायचा. इंजिन गंजून बसलं होतं, ते डिझेलमध्ये भिजवून भिजवून मोकळं केलं. पिस्टन उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर नेले. ब्रेकचे पाईप नवे घातले. रबराचे तुकडे बायडाबाईनं शिवणाच्या कात्रीनं कापून दिले आणि त्या कात्रीचा सत्यानाश झाल्याचं ती महिनाभर ऐकवत होती. आठवा महिना लागला तेव्हा ट्रकला नवा हिरवा रंग चढला होता आणि दोघांच्या नखांतलं काळं काही केल्या निघत नव्हतं.

आता कॉलनीचे चेअरमन गणपतराव. माणूस वाईट नव्हे, हे आधीच सांगतो. सगळं नीटनेटकं हवं असं वाटणारा माणूस. कॉलनीतल्या कुंड्या एका उंचीच्या, पाट्या एका रंगाच्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध भिंत पाडलेलं एक घर आणि दारात साड्या वाळत घातलेला लष्करी ट्रक. त्यांचं डोकं फिरायचं. त्यांनी आधी निरोप धाडले, मग चिठ्ठ्या धाडल्या, शेवटी सभा बोलावली. सभेत त्यांनी भंगारवाल्याचा कागद वाचून दाखवला, खाली मालकाच्या सहीची जागा मोकळी. आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून गेलं की मगदूमसाहेब, राग मानू नका, पण सरकारनं तुम्हालाही काढून टाकलं आणि गाडीलाही. एका भंगारानं दुसऱ्या भंगाराची सेवा किती दिवस करायची?

लोक हसले. हसून झाल्यावर कुणाकुणाला वाटलं की हसायला नको होतं, पण हसून झालं होतं.

कृष्णात उठला. त्यानं आवाज चढवला नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

"खंडेनवमीला देवीच्या मांडवात आरती संपायच्या आत ही गाडी बोलंल. न्हाय बोलली तर ह्याच कागदावर मी सवता सही करतो, घेऊन जावा. आनि बोलली तर ह्या कॉलनीत तिला कुनी भंगार म्हनायचं न्हाय."

गणपतरावांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, खंडेनवमीच का? ती गंमत समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिथंच अडकलं आहे. फौजेत त्याच्या तुकडीत खंडेनवमीला गाड्या धुवायच्या, बॉनेटवर झेंडूचे हार घालायचे, आणि साहेबांनी नारळ फोडला की ओळीतल्या सगळ्या गाड्या एकदम सुरू करायच्या. चाळीस इंजिनांचा तो आवाज कृष्णातच्या कानात अजून होता. त्याची खंडेनवमी म्हणजे चालू इंजिन. दारातली गाडी त्याच दिवशी बोलावी, हार घालून बोलावी, हे त्याला इतकं आपोआप सुचलं की दुसरा कुठला दिवस डोक्यात आलाच नाही.

बायडाबाईची खंडेनवमी वेगळी. ती मंगळवार पेठेतली, बाप उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ओतारी. त्या घरात खंडेनवमीला भट्टी गार. हातोडा, सांडशी, घमेलं, फावडं, आईची विळी सुद्धा, सगळी पाटावर. हळद-कुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वर्षभर ती आपल्यासाठी झिजतात, एक दिवस त्यांना बसू द्यायचं, असं तिचा बाप सांगायचा. एका साली मालकानं भट्टी पेटवायला माणूस धाडला तर बापानं त्याला पाटावर बसवून जेवू घातलं आणि तसाच परत पाठवला. बायडाबाईला हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तिनं एकदाही चुकवलं नाही. कृष्णात मात्र त्या दिवशी कधी सीमेवर, कधी टँकरवर. घरातल्या पूजेला त्यानं येता-जाता नमस्कार केला असेल तेवढाच.

अष्टमीच्या दिवशी सगळं तयार होतं. फक्त स्टार्टर रुसला. स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देऊन जागं करणारी मोटर. ती जागच्या जागी गुरगुरायची, दात काही पुढं टाकायची नाही. गुंडूनं ती उतरवली, खोलली, आतले झिजलेले भाग बदलले, रॉकेलनं धुतली, वायरब्रशनं घासून घासून चांदीसारखी केली. तोवर ऊन कललं होतं. सकाळी आठला बसवू, नऊला गाडी बोलंल, असं ठरवून दोघांनी स्टार्टर घराच्या पुढच्या सोप्यात वर्तमानपत्रावर ठेवला, शेजारी सगळे पाने, गुंडूची पिशवी सुद्धा, आणि गुंडू बिद्रीला गेला.

सकाळी आठला तो परत आला तेव्हा कृष्णात सोप्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता.

बायडाबाई पहाटे उठली होती, न्हाली होती. चौरंग मांडून तिनं सगळी हत्यारं रांगेनं लावली होती. पाने, हातोडे, छिन्न्या, जॅक, ती बिचारी शिवणाची कात्री. आणि मधोमध, तांदळाच्या राशीवर, सगळ्यांत चकचकीत म्हणून मानाच्या जागी, स्टार्टर. त्याला पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, पुढं नारळ. समई मंद जळत होती.

"येवढं घासूनपुसून ठेवल्यालं बघितलं," ती म्हणाली, "मला वाटलं पूजेलाच ठेवलंय."

गुंडूनं ते दृश्य पाहिलं. आधी स्वतःच्या पान्यांना लागलेलं कुंकू पाहिलं, मग स्टार्टर पाहिला, आणि त्याला हसू आवरेना. कृष्णातला रडू येईना एवढंच. उचलावा म्हटलं तर बायकोचा चेहरा असा झाला की त्याला तिच्या बापाची गार भट्टी दिसली.

त्यानं गुंडूची स्कूटर काढली आणि उद्यमनगर गाठलं. तिथं काय असणार? शटर अर्धी खाली, प्रत्येक लेथला हार, ड्रिल मशिनवर लिंबू, कामगार नव्या शर्टात पेढे खात बसलेले. एकानं पेढा दिला, दुसऱ्यानं चहा दिला, स्टार्टर कुणी दिला नाही. ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं तर हात धरून समजावलं की हवालदार, तुम्हाला द्यायला माझ्याकडं दोन आहेत, पण आज दोन्ही पूजेत आहेत, उद्या सोनं द्यायला या आणि घेऊन जावा. सगळं गाव एका दिवसासाठी पाना खाली ठेवून बसलं होतं. त्याचा राग येईना, कारण त्यात कुणाची चूक नव्हती. चूक असलीच तर तारीख ठरवणाऱ्याची.

चार वाजता तो हात हलवत परत आला. गणपतराव अंगणात खुर्चीवर बसून होते, बायडाबाईनं त्यांना चहा दिला होता. ते अदबीनं उठले, खिशातून कागद काढला आणि म्हणाले की घाई नाही, आरतीला अजून वेळ आहे, पण सही करायची झाली तर पेन माझ्याकडं आहे. उद्या सुट्टी, परवा क्रेन येईल.

कृष्णात सरळ सोप्यात गेला. चौरंगापुढं गुडघे टेकले. समोर हळद लागलेला स्टार्टर. तो मनातल्या मनात अंबाबाईला सांगत होता की आई, तुलाच बोललो होतो, तुझ्यासाठीच उचलतोय, क्षमा कर. पण आपण हे आईला सांगतोय की स्वतःला, हे त्याचं त्यालाच कळेना. बाहेर खुर्ची कुरकुरली, गणपतराव पुन्हा बसले असणार.

स्वयंपाकघराच्या दारात बायडाबाई उभी होती. "उचला तुमी," ती हळू म्हणाली. "मांडली मीच हाय. काय लागायचं ते मला लागू दे." आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं.

त्यानं हात पुढं केला. बोटं हारापर्यंत गेली, तेवढ्यात मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं. ग्रीसचा वास आला. गुंडू होता.

"हात मागं घे, मगदूम."

कृष्णात चिडला. तुझा काय संबंध, तू तर ह्यातलं काय मानत न्हाईस, असं तो तोंडावर म्हणाला.

"न्हाय मानत," गुंडू म्हणाला. "मला हळद कळत न्हाय आनि नारळ बी कळत न्हाय. पन आमच्या आज्ज्यानं छप्पन्न साली घरातलं देव नदीत सोडलं, ते सवताच्या मनानं सोडलं. कुनी धाक घातला म्हनून न्हाय. देव मांडायचा तर मनानं मांडावा, उचलायचा तर मनानं उचलावा. तू आज त्या खुर्चीतल्या मानसाच्या भ्यानं उचलाय लागलाईस. मी देव मानत न्हाय, पन भ्यालेला मगदूम बी मानत न्हाय."

कृष्णातनं हात मागं घेतला, आणि खरं सांगायचं तर हात मागं घेताना त्याला जेवढं हलकं वाटलं तेवढं गेल्या अकरा महिन्यांत वाटलं नव्हतं.

"मग गाडी काय फुंकर मारून सुरू करू?" तो म्हणाला.

"बर्फात कशी केलती?" गुंडूनं विचारलं.

कृष्णातला आठवलं. डोंगरात एकदा बॅटऱ्या गारठून मेल्या होत्या तेव्हा बारा जवानांनी ढकलून गाडी उतारावर घातली होती. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. चाकं फिरली की इंजिन फिरतं, इंजिन फिरलं की पेटतं. स्टार्टर नसला म्हणून काय झालं, फाटकापुढं रस्ता थेट तळ्याच्या बाजूला उतरतो.

"एक सुद्धा पाना लागत न्हाय त्याला," गुंडू म्हणाला. "हात लागत्यात. हात काय वैनीनं पूजेत मांडल्यालं न्हाईत."

गुंडू आधी उतार चालून आला. खाली वळणावर बांधकामाच्या वाळूचा मोठा ढीग होता. इंजिन नाही पेटलं आणि ब्रेकनं दगा दिला तर वाळू धरेल, असं त्यानं ठरवलं आणि रस्त्यावरच्या पोरांना, गाड्यांना, एका आरामात बसलेल्या कुत्र्याला बाजूला काढलं. कृष्णात वर चढून बसला. स्टीअरिंगवर हात ठेवला, अंबाबाईचं नाव घेतलं, हँडब्रेक सोडला.

गाडी हलेना. पाच-सहा टन लोखंड ते. गुंडू एकटा मागून रेटत होता आणि त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या होत्या. आरतीला जमलेली माणसं मांडवातून बाहेर येऊन बघत होती. बघत होती फक्त. चेअरमनच्या देखत हात कुणी लावायचा?

तेव्हा बायडाबाई आली. पदर कमरेला खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मागच्या फळीला खांदा दिला. साठी ओलांडलेली बाई, गुडघ्यांनी पायऱ्या चढता येत नाहीत म्हणणारी. ती गुंडूच्या शेजारी उभी राहिली आणि गर्दीकडं बघून एवढंच म्हणाली, "बघताय काय, बायकांनो? आरतीला येतासा ती देवी बी बाईच हाय."

पहिल्या बायका आल्या. एकीनं हातातलं आरतीचं ताट गणपतरावांच्या हातात दिलं, कारण जवळ तेच उभे होते. आता एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात जळती निरांजनं, माणूस हलणार तरी कसा? बायकांच्या मागून, लाजेनं का होईना, पुरुष आले. वीस, तीस, मोजायला कुणी रिकामं नव्हतं. कुणाचा चुडा वाजला, कुणाची चप्पल तुटली, आणि शक्तिमान ट्रक अकरा महिन्यांनी पहिल्यांदा आपल्या चाकांवर हलला. पाडलेल्या भिंतीतून बाहेर आला, वळला आणि उताराला लागला.

कृष्णातनं वेग येऊ दिला. तिसरा गिअर घातला, देवाचं नाव घेऊन क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की छतावरची धूळ त्याच्या डोळ्यांत आली. इंजिन दोनदा खोकलं, पांढरा धूर टाकला आणि गप्प झालं. त्यानं ब्रेक दाबला. ब्रेक लागला, ही त्यातल्या त्यात बातमी चांगली. पण उतार अर्धा संपला होता. आणि त्याच क्षणी मांडवात घंटा वाजली. ज्यांना काही ठाऊक नव्हतं अशा चार म्हाताऱ्यांनी वेळ झाली म्हणून आरती सुरू केली होती.

एक आरती, फार तर दोन. एवढाच वेळ.

गुंडू धावत आला, चाकावर पाय देऊन वर चढला आणि बॉनेट उघडलं. नळीत हवा अडकलीय, डिझेल पोचत नाही, असं तो म्हणाला. पंपाला एक छोटा हातदांडा असतो, तो वर-खाली करून हवा काढायची. पाना लागत नाही, अंगठा लागतो. गुंडूनं अंगठा लावला. वर-खाली, वर-खाली. त्याच्या बोटाचं साल निघालं तरी तो थांबला नाही. मांडवातली आरती दुसऱ्या कडव्याला पोचली. कृष्णात आत बसून ती ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आरती जरा सावकाश म्हणा रे.

"आता सोड," गुंडू ओरडला आणि तिथंच मडगार्डवर गच्च धरून राहिला.

ब्रेक सुटला. मागून तीस खांद्यांनी पुन्हा रेटलं. या वेळी कृष्णातनं घाई केली नाही. वाळूचा ढीग समोर मोठा होत चालला, दिसायला लागला, मग नुसती वाळूच दिसायला लागली, तरी त्यानं दम धरला, आणि मग क्लच सोडला.

आधी तळपायाला कळलं, मग कानाला. बुडाखालून एक थरथर वर आली, एकदा, पुन्हा, आणि मग सगळं इंजिन एका दमात बोललं. काळा धूर उठला, झाडावरचे कावळे उठले, चार गल्ल्यांतली माणसं दारात आली. त्यानं वाळूला बंपर घासत स्टीअरिंग पूर्ण वळवलं. मडगार्डवरचा गुंडू एका बाजूनं धुळीनं पांढरा आणि दुसऱ्या बाजूनं तेलानं काळा झाला होता.

थांबायचं नव्हतं. थांबलं तर पुन्हा सुरू करायला स्टार्टर नव्हताच, तो सोप्यात हार घालून बसला होता. गाडीचं पासिंग अजून व्हायचं होतं म्हणून मोठ्या रस्त्यावर न्यायची नाही, हा नियम त्यानं तेवढ्यातही पाळला. मागच्या गल्लीनं ट्रक चढ चढला, स्वतःच्या जोरावर, एकाही खांद्याशिवाय, आणि कॉलनीला पूर्ण फेरा मारून आपल्या दारात येऊन उभा राहिला. चालू इंजिनावर. मांडवातल्या म्हाताऱ्यांचं तिसरं कडवं चालू होतं म्हणतात. ते कुणालाच ऐकू आलं नाही, पण टाळ्या वाजत होत्या एवढं दिसत होतं.

गणपतराव अजून ताट धरून उभे होते. कृष्णात खिडकीतून वाकला आणि म्हणाला की चेअरमन, तेवढा कागद द्या. त्यांनी दिला. तो कृष्णातनं गुंडूकडं दिला, आणि गुंडूनं त्याला दोन्ही बाजूंनी नीट हात पुसले.

"धूर फार करतीया, मगदूमसाहेब," गणपतराव म्हणाले. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"धूर कमी व्हईल," कृष्णात म्हणाला. "तुमी भंगार म्हनायचं तेवढं बंद करा."

बायडाबाईनं त्यांच्या हातातलं ताट घेतलं, आधी गाडीला ओवाळलं, मग गणपतरावांना सुद्धा, आणि त्यांच्या हातावर साखर-खोबरं ठेवलं. त्यांनी ते खाल्लं. भिंत बांधून घ्या म्हणून चिठ्ठ्या ते अजून धाडतात, पण त्यात आता 'आपले वाहन' असं लिहितात.

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलली. कृष्णातनं स्टार्टर उचलला, हळद पुसली नाही, तशीच ठेवून बसवायला घेतला. एकटाच होता, कारण गुंडू पांढरा शर्ट घालून आपल्या धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला गेला होता. गुंडूला अर्ध्या तासात जमलं असतं, ह्याला दुपार झाली तरी जमेना. दुपारी गुंडूचा फोन आला, बसवला का म्हणून. ह्यानं खोटंच सांगितलं की कवाच बसवला.

पुढच्या जुलैत पंचगंगा पुन्हा वाढली. पाणी नदीकाठच्या चिखली गावाच्या वाटेवर आलं तेव्हा काठावर एक हिरवा ट्रक आधीच उभा होता, पासिंग झालेला, टाकी भरलेला. मागच्या फळीवर बायडाबाई पातळ भाताचं पातेलं धरून बसली होती. मडगार्डवर गुंडू होता आणि कृष्णातला शिव्या देत होता की क्लच असा सोडतात व्हय.

झालं, कथा एवढीच. आता उठाल, घरी जाल, देवापुढं दिवा लावाल, हात जोडाल. जोडा. पण हात जोडलेले असताना एक नाव मनात आणा. ज्याच्या घरात तो देव नाही, तरी ज्यानं दुसऱ्याच्या घरातला देव धाकानं हलू दिला नाही, त्या बिद्रीच्या गुंडू कुरण्याचं. आपलं नाव देवापुढं घेतलेलं त्याला मुळीच आवडायचं नाही, कळलं तर भांडायला येईल. तरी घ्या. त्याची आठवण ठेवा.